आमेन कुणी म्हणायचं?

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, ऑर्गन असावा की नसावा, यावरून एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या ज्यू समाजात उभी फूट पडली. 1810 साली जर्मनीतल्या झेसेन गावी इस्राएल याकोबसन यांनी आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन बसवला. 1818 मध्ये हाम्बुर्गच्या नव्या मंदिरात तो वाजू लागला आणि पुढच्याच वर्षी ठिकठिकाणच्या रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) निषेधपत्रं एकत्र करून त्याविरुद्ध पुस्तक निघालं. विरोधकांचं म्हणणं असं, की इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं तेव्हापासून आपण सुतकात आहोत. शिवाय शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्य वाजवायला घेतलं आणि तार तुटली, तर माणूस ती जोडायला बसणार आणि शब्बाथ मोडणार. समर्थक म्हणायचे, स्तोत्रसंहितेचं शेवटचं स्तोत्रच कर्णा, वीणा, झांजा घेऊन स्तुती करा असं सांगतं. आणि तरुण मुलं सिनेगॉगकडे पाठ फिरवत असताना तुम्ही सुतकाच्या गोष्टी काय करता?

दोन्ही बाजूंचे लोक विद्वान होते, तळमळीचे होते. पण वाद्याच्या या वादात एक प्रश्न मागे पडला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. प्रार्थनेला नवी संगीतरचना दिल्यावर ती गाणार कोण? बाकांवर बसलेली मंडळी, की वर सज्जात उभा असलेला गायकवृंद?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या प्रार्थनांना नवं संगीत द्यावं, हौसेनं द्यावं. पण उपासनेसाठी केलेल्या रचनेनं मंडळींच्या तोंडचा वाटा काढून घेतला असेल, तर ती कितीही सुंदर असली तरी तिची जागा मैफलीत आहे, उपासनेत नाही.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, तो आधी बाजूला करायला हवा. ‘ही चाल आपली नाही, बाहेरची आहे’ असं परंपरेचे अभिमानी म्हणतात. ज्यू प्रार्थनासंगीताचा इतिहास ज्यानं थोडासा जरी चाळला आहे त्याला हे पटणार नाही. सोळाव्या शतकात इस्राएल नाजारा या कवीनं तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चालींवर हिब्रू पदं रचली. आपल्याकडच्या जुन्या पदसंग्रहांत जसं पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असतं, तसं त्यानंही कुठल्या गाण्याची चाल घ्यायची ते लिहून ठेवलं. ती मूळ गाणी चक्क प्रेमाची होती. त्याचं ‘याह रिबोन’ आज जगभरच्या ज्यू घरांत शब्बाथच्या जेवणाच्या टेबलावर गायलं जातं. सीरियातल्या हलब शहराच्या ज्यूंनी तर अरबी मकाम, म्हणजे तिकडचे राग, इतके आपलेसे केले, की कुठल्या शब्बाथला कुठल्या मकामात प्रार्थना म्हणायची ते तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) त्या आठवड्याच्या पाठावरून ठरतं. ‘लेखा दोदी’ हे शुक्रवारच्या संध्याकाळचं गीत सोळाव्या शतकात गालीलातल्या साफेदमध्ये श्लोमो अल्काबेत्स यांनी लिहिलं. त्याला इतक्या देशांत इतक्या चाली लागल्या आहेत, की यातली मूळ कुठली हे विचारण्यात अर्थ नाही.

‘कोल निद्रे’चं उदाहरण तर सर्वांत बोलकं आहे. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या संध्याकाळी म्हटलं जाणारं हे वचन अरामी भाषेतलं, खरं तर कायद्याचं कलमच: घेतलेल्या शपथा आणि नवस रद्द करण्याचं. ज्या चालीनं अंगावर काटा येतो ती मध्ययुगात जर्मनीच्या परिसरातल्या ज्यूंमध्ये घडली. स्पेन आणि बगदादच्या परंपरांत ती नाही. आणि ज्यूंच्या बाहेरच्या जगात ती घरोघर नेली ती माक्स ब्रुख या प्रोटेस्टंट संगीतकाराच्या 1880 मधल्या चेलोच्या रचनेनं. तेव्हा आपलं आणि परकं हे वजनमाप इथे चालत नाही.

या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो सालामोने रोस्सी. मान्तुआच्या गोन्झागा दरबारातला हा व्हायोलिनवादक. 1622-23 मध्ये व्हेनिसला त्यानं हिब्रू प्रार्थना आणि स्तोत्रांच्या तेहतीस रचना छापल्या, तीन आवाजांपासून आठ आवाजांपर्यंतच्या. सिनेगॉगसाठी असं काही तोवर कुणी छापलंच नव्हतं. छापखान्यापुढची अडचण अशी, की स्वरलिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. शेवटी स्वर त्यांच्या दिशेनं ठेवले आणि प्रत्येक हिब्रू शब्द अखंड, त्याच्या स्वतःच्या दिशेनं, स्वरांखाली बसवला. गाणाऱ्यानं डोळ्यांनी एकीकडे जायचं आणि शब्दाशी पोचलं की उलटं वळायचं. ते पान पाहिलं की मला त्या माणसाच्या जिद्दीचं कौतुक वाटतं. त्यानं शब्द फिरवला नाही, वाचणाऱ्याला थोडा त्रास दिला. लेओने मोदेना या रब्बींनी पुस्तकासोबत आपलं धर्ममत जोडून त्याची पाठराखण केली. पुढे 1630 मध्ये मान्तुआवर आक्रमण झालं, ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि हे संगीत जवळजवळ अडीचशे वर्षं विस्मृतीत गेलं. पॅरिसचे हज्जान, म्हणजे सिनेगॉगमधली प्रार्थना गाऊन चालवणारे, सामुएल नाउम्बुर्ग यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा एकोणिसावं शतक संपत आलं होतं. या विस्मृतीचं मुख्य कारण युद्ध हे खरं, पण मला आणखी एक कारण दिसतं. रोस्सीच्या रचना सराईत गवयांच्या हाती होत्या, मंडळींच्या तोंडी बसलेल्या नव्हत्या. गवई पांगले आणि गाणं थांबलं. याच काळातलं नाजाराचं पद मात्र कुठल्याही छापील स्वरलिपीशिवाय एका जेवणाच्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिलं.

मग उपासनेच्या संगीतात जपायचं ते काय? त्याला नुसाख म्हणतात. प्रार्थनेची वेळ आणि दिवस यांच्याशी बांधलेली ही स्वरांची चौकट. रोजच्या सकाळचा नुसाख वेगळा, शब्बाथच्या संध्याकाळचा वेगळा, रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पुरचा आणखी वेगळा. रागसमय मानणाऱ्या मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंचा ‘अहावा रब्बा’ नावाचा प्रकार घ्या. त्याचे स्वर म्हणजे कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्या बसंत मुखारीचेच. नुसाख जाणणारा माणूस डोळे मिटून सिनेगॉगमध्ये बसला तरी आज कुठला दिवस आहे आणि प्रार्थना कुठवर आली आहे ते त्याला कळतं. हज्जान या चौकटीत मोकळेपणानं फिरतो, शब्दाला लागेल तेवढा वेळ देतो. ताल नसतो, श्वास असतो. चाली बाहेरून येऊ देत. ही चौकट सुटली की प्रार्थनेला आपली वेळच उरत नाही.

व्हिएन्नात नेमकं इथेच पाणी मुरलं. सालोमोन झुल्ट्सर 1826 मध्ये तिथल्या नव्या सिनेगॉगचे हज्जान झाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांच्या आवाजाची ख्याती अशी की लिस्टसारखा संगीतकार ऐकून भारावून गेला, आणि शुबर्टनं 1828 मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, त्यांच्यासाठी 92वं स्तोत्र हिब्रू शब्दांवरच बांधलं. झुल्ट्सर यांना हज्जानांच्या गाण्यातला अनागोंदी कारभार संपवायचा होता. त्या काळी हज्जान आणि त्याचे दोन साथीदार वाट्टेल तशा ताना घेत, ऑपेराचे तुकडे घुसडत आणि मंडळींना ताटकळत ठेवत. ‘शीर त्सियोन’ या त्यांच्या संग्रहानं (पहिला भाग 1840) शिस्त आणली, हे मान्यच केलं पाहिजे. तोरा बाहेर काढताना म्हटल्या जाणाऱ्या ‘शमा इस्राएल’ची (‘हे इस्राएला, ऐक’ या एकेश्वर-श्रद्धेच्या वचनाची) त्यांची चाल आज असंख्य सिनेगॉगांत लोक एका आवाजात म्हणतात, ती कुणाची हेही अनेकांना ठाऊक नसतं. रचनाकाराला याहून मोठी पावती कुठली? पण त्याच संग्रहात मोकळा नुसाख मात्रांच्या चौकोनी घरांत कोंबला गेला, त्याखाली युरोपीय स्वरसंगती आली, आणि मंडळींची उत्तरं चार आवाजांच्या वृंदाकडे गेली. शिस्त आली ती लोकांना गप्प बसवून.

बर्लिनचे लुई लेवान्डोव्स्की मला म्हणूनच जास्त शहाणे वाटतात. 1866 मध्ये ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं भव्य सिनेगॉग उघडलं. तिथे ऑर्गन होता, वृंद होता, सगळा थाट होता. त्या थाटासाठी त्यांनी ‘तोदा वझिम्रा’ हा चार आवाजांचा संग्रह केला. पण त्याआधी, 1871 मध्ये, त्यांनी ‘कोल रिन्ना’ छापला होता, हज्जानाच्या एका आवाजासाठी आणि फार तर दोन आवाजांसाठी. पोराटोरांनाही म्हणता येतील अशा सुरेल, छोट्या पट्टीतल्या चाली. शब्बाथच्या द्राक्षारसावर म्हणायच्या किद्दुशची त्यांची चाल आज अनेक घरांत अशी म्हटली जाते की जणू ती सिनाय पर्वतावरूनच आली. मोठ्या सिनेगॉगसाठी लिहिताना छोट्या गावाला न विसरणारा रचनाकार फार दुर्मीळ असतो.

इथे प्रार्थनेच्या रचनेकडे जवळून पाहायला हवं, कारण माझा सगळा आग्रह तिच्यावरच उभा आहे. ज्यू प्रार्थना मुळातच संवाद आहे. हज्जान ‘बारखू’ म्हणून हाक देतो, मंडळी ‘बारूख’ म्हणून ओ देतात. कादिश या देवाच्या स्तुतीच्या प्रार्थनेत हज्जान सांगतो आणि मंडळी ‘यहे श्मे रब्बा’ (त्याचं महान नाव धन्य असो) हे वाक्य सगळा जोर लावून म्हणतात. ते वाक्यच कादिशचा गाभा. कदुशा या देवाच्या पवित्रतेच्या घोषात ‘कादोश, कादोश, कादोश’ हे मंडळींचं, टाचा उचलून म्हणायचं. प्रत्येक आशीर्वचनानंतर ‘आमेन’ मंडळींचं. ही वाटणी संगीतकाराच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती धर्मशास्त्रानं ठरवली आहे. आता एखाद्या संगीतकारानं ‘यहे श्मे रब्बा’ वृंदाच्या चार आवाजांत विणलं, तर बाकांवरचा माणूस काय करणार? मध्ये घुसला तर गाणं बिघडतं, गप्प राहिला तर त्याची प्रार्थना अर्धी राहते. तीच गोष्ट शब्दांच्या पुनरुक्तीची. युरोपीय संगीताला ओळ पुरी करायला शब्द पुन्हा पुन्हा लागतो. पण ‘मोदीम, मोदीम’ किंवा ‘शमा, शमा’ असं दोनदा म्हणणाऱ्याला गप्प करावं असं ताल्मूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटेल हा दोन देवांना हाक मारतोय. रचनाकारानं ही अट अडचण मानू नये. मात्रा कमी पडत असतील तर स्वर लांबवावा, शब्दाला हात लावू नये.

यावर एक उत्तर मिळतं आणि ते हलकं नाही. ऐकणं हीसुद्धा प्रार्थना नाही का? हज्जानाला ‘मंडळींचा दूत’ म्हणतात; ज्याला म्हणता येत नाही त्यानं मन लावून ऐकलं आणि आमेन म्हटलं तरी त्याचं कर्तव्य पुरं होतं. योम किप्पुरला ‘कोल निद्रे’ ऐकताना कुणाला स्वतः गायची इच्छा होत नाही, झालीही तर आवाज फुटत नाही. हे मी मानतो. वर्षातले असे काही क्षण एका आवाजाचे असतात आणि असावेत. पण दूताला पाठवणारे लोक असावे लागतात. आमेनसुद्धा वृंदानंच म्हटलं, तर तो दूत कुणाचा?

विसाव्या शतकातल्या अमेरिकेनं दोन्ही टोकं गाठली. अर्नेस्ट ब्लॉख यांची ‘अव्होदात हकोदेश’ ही शब्बाथच्या सकाळची उपासना 1934 मध्ये तुरिनला प्रथम गायली गेली: बॅरिटोन हज्जान, मोठा वृंद, पूर्ण वाद्यमेळ. महान रचना आहे ती, पण सिनेगॉगपेक्षा सभागृहांतच जास्त ऐकू येते आणि तेच योग्य आहे. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनेगॉगमध्ये हज्जान डेव्हिड पटरमन यांनी 1943 पासून दरवर्षी समकालीन संगीतकारांकडून प्रार्थनांच्या नव्या रचना करून घेतल्या. तरुण लेनर्ड बर्नस्टाइननं ‘हश्कीव्हेनू’ दिलं, कुर्ट वाइलनं किद्दुश. धाडसाचं काम होतं, मला त्याबद्दल आदरच आहे. पण त्यांतल्या फार थोड्या चाली बाकांपर्यंत उतरल्या.

मग डेबी फ्रीडमन आल्या, हातात गिटार घेऊन. 1970 च्या दशकात ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांत त्यांनी जी गाणी शिकवली ती मुलं सिनेगॉगमध्ये घेऊन आली. आजाऱ्यांसाठीची ‘मी शेबेराख’ ही प्रार्थना पूर्वी तोराच्या वाचनात हज्जान पटापट म्हणून टाकत असे. फ्रीडमन यांच्या हिब्रू-इंग्रजी रूपात ती सगळी मंडळी मिळून गाऊ लागली. आपल्या आजारी माणसाचं नाव मनात घेऊन अनोळखी लोक शेजारी शेजारी उभे राहिले. शिकलेल्या संगीतज्ञांनी नाकं मुरडली. त्या 2011 मध्ये गेल्यावर रिफॉर्म या सुधारणावादी पंथाच्या न्यूयॉर्कमधल्या हज्जान-विद्यालयालाच त्यांचं नाव दिलं गेलं. नाकं मुरडणाऱ्यांच्या एका म्हणण्यात मात्र तथ्य आहे. गिटारच्या तीन-चार सुरावटींत नुसाख मावत नाही. मंगळवारची सकाळ आणि रोश हशाना एकाच गोड चालीत म्हटली गेली, तर मंडळींना आवाज मिळाला पण वेळ हरवली. मला दोन्ही हवं आहे. हट्ट वाटेल, पण झुल्ट्सरांची ‘शमा’ आणि लेवान्डोव्स्कींचं किद्दुश दाखवतात की ते जमतं.

हा हट्ट मी का करतो ते सांगितलं पाहिजे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठीभाषक ज्यू, आहे. योम किप्पुरला आमच्या घरात ‘दरफाळणीचा सण’ म्हणायचे, म्हणजे दारं लावून बसायचा दिवस. आमच्या पूर्वजांनी कोकणात तेल गाळत ‘शमा इस्राएल’ जपलं. बाकीची हिब्रू प्रार्थना पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी शिकवली, नंतर बगदादी ज्यूंचाही संस्कार झाला, आणि या सगळ्यावर मराठी गळ्याची छाप पडली. मुंबईत 1880 च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तन सुरू झालं: योसेफाची, मोशेची कथा साकी-दिंडीत, पेटी-तबल्यावर. पण कीर्तन सिनेगॉगच्या उपासनेबाहेर. आत फक्त आवाज.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका सिनेगॉगमध्ये मी शब्बाथच्या संध्याकाळी होतो. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी मोठ्या प्रेमानं ‘लेखा दोदी’ चार आवाजांत गायलं, आणि फार सुरेख गायलं. गावची माणसं मोजकीच, बहुतेक म्हातारी. ध्रुपद आलं की ती श्वास घ्यायची, तोंड उघडायची, आणि चाल भलतीकडेच वळलेली पाहून ओठ मिटायची. शेवटच्या कडव्याला शब्बाथ-राणीच्या स्वागतासाठी दाराकडे वळायचं असतं. सगळे वळले. स्वागत मात्र पाहुण्यांनी केलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या मंडळींकडे स्वतःची चाल आहे, जिथे मिन्यानचे, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवतानाच दमछाक होते, तिथे आठ-दहा गवयांची रचना आणणं म्हणजे त्यांना त्यांच्याच घरात पाहुणे करणं.

जगातली अनेक ज्यू मंडळं आज व्हिएन्नाच्या त्या सिनेगॉगसारखी नाहीत, आमच्यासारखी आहेत: पंधरा-वीस माणसं, एखादा बरा आवाज, वाद्य नाही. भारतातली आमची संख्या तर आता काही हजारांवर आली आहे, आणि इस्राएलला गेलेल्यांची मुलं तिथल्या शेजारच्या सिनेगॉगच्या चाली उचलतात. त्यात त्यांचा दोष नाही. जे कानावर पडतं तेच तोंडात येतं. म्हणून नव्या रचनांची सर्वांत जास्त गरज इथे आहे, आणि इथेच त्या सर्वांत कमी होतात, कारण वीस माणसांसाठी लिहिण्यात कुणाला नाव मिळत नाही.

आव्राहाम त्स्वी इडेलसोन या संगीतसंशोधकांनी 1914 पासून जवळजवळ वीस वर्षं येमेन, बगदाद, इराण, मोरोक्को अशा परंपरांच्या चाली दहा खंडांत प्रसिद्ध केल्या. कोकणच्या चालींसाठी तशी नोंद आपण स्वतः करायला हवी. नुसती ‘लेखा दोदी’ किंवा मलिद्याच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावानं होणाऱ्या आमच्या विधीच्या, वेळचं ‘एलियाहू हन्नावी’ अशी सुटी गाणी ध्वनिमुद्रित करून भागणार नाही. आधी हज्जानाचा नुसाख, कुठल्या दिवशी कुठल्या वेळी काय, तसाच्या तसा उतरून घ्यायचा. मग त्यावर रचना. हज्जानाचा एक आवाज, त्याखाली हवा असेल तर दोघातिघांनी नुसता षड्ज धरायचा, कारण आमच्या चालींना युरोपीय स्वरसंगतीची टेकणं लागत नाहीत आणि शब्बाथला पेटी चालत नाही. मंडळींची उत्तरं एका सप्तकाच्या आत, म्हाताऱ्या गळ्याला झेपतील अशी. पट्टी अशी निवडायची, की सज्जात किंवा पडद्यापलीकडे बसलेल्या बायकांनाही म्हणता येईल. मलिद्याची गाणी ज्यांनी जिवंत ठेवली त्यांना प्रार्थनेत कुजबुजायला लावणारी पट्टी मला मान्य नाही. शब्द एकदाच. स्वरलिपी छापताना ‘यहे श्मे रब्बा’ आणि आमेनच्या जागी वृंदाचे स्वर लिहायचे नाहीत. तिथे एवढंच लिहायचं: मंडळी. आणि कागद कुणालाही फुकट उतरवून घेता यावा, अलिबागच्याला, ठाण्याच्याला, इस्राएलमधल्या अश्दोदच्याला.

ज्या समित्या परदेशी वृंदाच्या कार्यक्रमासाठी हॉल भाड्यानं घेतात त्यांनी तेवढाच खर्च एका वर्षी एका म्हाताऱ्या हज्जानापाशी चार मुलं बसवण्यावर करावा. मुलं सुरुवातीला चुकतील, बेसूर होतील, ध्रुपद लवकर उचलतील. सिनेगॉगमध्ये ते चालतं.